कप खाली पडला ती दहा मिनिटं

वाचकांचे प्रश्न, सर्जनची उत्तरं

मागच्या अंकात अर्धांगवायूवर लिहिलं आणि पत्रांचा गठ्ठाच आला. निम्म्याहून जास्त पत्रं मानेतल्या नसेबद्दलची आहेत. कुणाच्या रिपोर्टमध्ये 'कॅरोटिड ब्लॉक' आलाय, कुणाला ऑपरेशन सांगितलंय, कुणी ऑपरेशन करून आलंय. गेली बावीस वर्षं मी सोलापुरात रक्तवाहिन्यांची ऑपरेशनं करते, त्यामुळे हे प्रश्न ओपीडीतही रोजचेच. पत्रं थोडक्यात दिली आहेत आणि नावं काढली आहेत. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे, ती मुद्दाम.

प्रश्न : माझे वडील ६४ वर्षांचे आहेत. चाळीस वर्षं यंत्रमागावर काम केलं, आता घरी असतात. बीपीची गोळी आहे, पण ती मधूनमधून चुकते. रोज एक बंडल विडी. गेल्या सोमवारी सकाळी चहा पिताना उजव्या हातातून कप सुटला. आईनं विचारलं तर बोलणं जड, शब्द सापडेनात. दहा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं. सांडलेला चहा त्यांनी स्वतःच पुसला. तपासणीत मानेतली डावी नस ८० टक्के अरुंद निघाली. डॉक्टर लगेच ऑपरेशन करा म्हणतात. वडील म्हणतात, मला काही झालेलंच नाही, मानेला सुरी कशाला लावून घेऊ? दरवर्षी सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत ते बाराबंदी (पांढरा पारंपरिक अंगरखा) घालून नंदीध्वजांबरोबर चालतात. गड्डा झाल्यावर बघू, असं घरात ठरतंय. काय करावं? (एक मुलगी, अशोक चौक)

उत्तर : ताई, पत्राखाली फोन नंबर लिहिलात हे फार बरं केलंत. पत्र मिळालं त्याच संध्याकाळी आपण बोललो. अंक छापून तुमच्या हातात पडेपर्यंत मी थांबले असते, तर या उत्तराचा तुम्हाला काही उपयोग नव्हता. तेव्हा आता लिहिते ते इतर घरांसाठी.

जबड्याच्या कोनाखाली, घाटीच्या बाजूला हलकं बोट ठेवलं की ठोका लागतो. (एका वेळी एकाच बाजूला ठेवा, आणि दाबू नका.) तीच ही नस. तिथे तिला दोन फांद्या फुटतात, एक चेहऱ्याकडे जाते, दुसरी मेंदूकडे. या दुबेळक्यात चरबीचा थर साचतो. तंबाखू, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल आणि वय, सगळे मिळून तो वाढवतात. नस अरुंद झाली म्हणून मेंदूला रक्त कमी पडतं, असं लोकांना वाटतं. कधी तसंही होतं. पण बहुतेक वेळा थराला चीर पडते, त्यावर रक्ताची गुठळी धरते, आणि तिचा कण सुटून वर मेंदूत जातो. तुमच्या वडिलांचा तो कण डाव्या मेंदूत गेला. बहुतेकांच्या बोलण्याची जागा डावीकडे असते आणि उजवा हातही तिथूनच चालतो, म्हणून कप आणि शब्द एकदम गेले. मग कण विरघळला आणि हात परत आला. थर मात्र आहे तिथेच आहे, आणि त्याची चीर ताजी आहे.

डोळ्याचं उलट असतं. उजव्या नसेतून सुटलेला कण उजव्याच डोळ्यात जातो. एका डोळ्यासमोर वरून पडदा सरकल्यासारखं होतं आणि दोन-पाच मिनिटांत स्वच्छ दिसायला लागतं. माणसं चष्म्याचा नंबर तपासून येतात आणि विसरून जातात. हे कुणाला झालं असेल, तर त्याच दिवशी मानेच्या नसेचा डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करायला सांगा.

आता 'गड्डा झाल्यावर'बद्दल. हे ऑपरेशन १९५० च्या दशकापासून होतंय, पण त्याचा खरा हिशोब १९९१ साली मिळाला. उत्तर अमेरिकेत अशाच रुग्णांचे दोन गट करून तुलना केली होती. नस ७० टक्क्यांहून जास्त अरुंद आणि अलीकडे असा झटका येऊन गेलेला, असे सगळे. ज्यांना फक्त औषधं दिली, त्यांच्यात दोन वर्षांत शंभरातल्या २६ जणांना त्या बाजूचा पक्षाघात झाला. ऑपरेशन केलेल्यांत ९ जणांना झाला, आणि या ९ मध्ये ऑपरेशनमुळे झालेलेही धरलेले आहेत. म्हणजे साधारण सहा ऑपरेशनं केली की एका माणसाचा पक्षाघात टळतो. नंतर हे आणि युरोपातल्या तशाच अभ्यासाचे आकडे एकत्र करून दिवसांनुसार तपासले गेले आणि २००४ साली छापून आले. झटक्यानंतर दोन आठवड्यांच्या आत ऑपरेशन झालं तर पाच ऑपरेशनांमागे एकाचा पक्षाघात टळतो. बारा आठवडे उलटले की सव्वाशेमागे एक. ऑपरेशन तेच, सर्जनचा हात तोच. एवढा फरक नुसत्या थांबण्यानं पडतो, कारण पुढचा कण बहुतेकदा पहिल्या काही दिवसांतच सुटतो.

माझी आत्या विड्या वळायची. मी आठवीत होते. मांडीवर सूप, सुपात ओली तेंदूपानं आणि तंबाखू, हातात कात्री. पान कापता कापता कात्री सुपात पडली. तिनं उचलली, पुन्हा पडली. आम्ही मुलं हसलो. तिनं काही बोलायला तोंड उघडलं आणि नुसता आवाज आला. थोड्या वेळानं ती नीट झाली, तेव्हा सगळे म्हणाले, वारं लागलं. आजीनं हाताला कोमट तेल चोळलं. एका दवाखान्यात नेलं, तिथे अशक्तपणा सांगून सलाईन लावलं. दुसऱ्या दिवशी आत्या पुन्हा विड्यांना बसली, कारण हजाराचा हिशोब पुरा करून द्यायचा होता. बाराव्या दिवशी पहाटे ती न्हाणीघरात पडली. त्यानंतर सहा वर्षं तिच्या उजव्या हाताची मूठ कधी उघडली नाही, आणि आमच्यापैकी एकाचंही नाव तिला घेता आलं नाही. तिच्या मानेतल्या नसेत काय होतं ते कुणी पाहिलंच नव्हतं, तेव्हा ती वाचली असती असं मी म्हणणार नाही. पण मधले ते बारा दिवस होते. ओपीडीत कुणी 'आता एकदम ठणठणीत आहेत' असं म्हणालं की मला ते बारा दिवस आठवतात.

वडिलांना सुरीची भीती वाटते, ते साहजिक आहे. नेमकं काय करतात ते त्यांना सांगा. कानाच्या खालपासून मानेवर तिरका छेद घेतो. नस मोकळी करतो, रक्त पातळ करणारं इंजेक्शन देऊन ती वरून आणि खालून चिमट्यांनी बंद करतो, उभी उघडतो आणि आतला थर अस्तरासारखा सोलून काढतो. मग बहुतेक वेळा एक छोटं ठिगळ लावून शिवतो, म्हणजे शिवताना नस पुन्हा आवळली जात नाही. चिमटे लावलेले असतात तेवढा वेळ मेंदूचं त्या बाजूचं रक्त दुसऱ्या वाटांनी यावं लागतं. ते पुरतंय की नाही हे पाहायचं असतं. पुरत नसेल तर एक बारीक नळी तात्पुरती आत घालून रक्त चालू ठेवता येतं.

यासाठी मला मान तेवढी बधिर करून, माणूस जागा ठेवून काम करायला आवडतं. पूर्ण भूल देऊनही ऑपरेशन तितकंच चांगलं होतं, २००८ च्या एका मोठ्या अभ्यासात दोन्हींच्या निकालात फरक दिसला नाही, तेव्हा तुमचे डॉक्टर ठरवतील ते योग्य. आमच्याकडे जाग्या माणसाच्या दुसऱ्या बाजूच्या हातात लहान मुलांचं रबरी खेळणं देतात, दाबलं की 'चुंई' वाजणारं. भूलतज्ज्ञ 'दाबा' म्हणाले की दाबायचं. तुमच्या वडिलांसारखेच एक यंत्रमाग कामगार होते. ते सांगायची वाट न पाहता ठेक्यात दाबत राहिले, माग चालतो त्या ठेक्यात. अर्धा तास आम्ही सगळे त्या आवाजावर काम करत होतो. मध्येच तो ठेका अडखळला. त्यांच्या हातात जोर उरला नव्हता. नळी आत घातली, आणि मिनिटाभरात 'चुंई' पुन्हा सुरू झालं.

काढलेला थर मी घरच्यांना स्टीलच्या वाटीत दाखवते. तीन-चार सेंटिमीटरचा, गलोलीच्या बेचक्यासारखा दोन फांद्यांचा. पिवळट. कडेला अंड्याच्या टरफलासारखा कडक आणि मध्ये भिजवलेल्या बेसनासारखा मऊ. जिथे चीर असते तिथे काळपट रक्त धरलेलं दिसतं. एवढंसं हे, असं प्रत्येक जण म्हणतो.

धोका आहे, तो लपवून चालणार नाही. ज्या पक्षाघाताला टाळायचं, तोच ऑपरेशनच्या वेळी होऊ शकतो. झटका येऊन गेलेल्यांत पक्षाघात आणि मृत्यू मिळून हे प्रमाण शंभरात सहाच्या आत असेल, तरच त्या सर्जननं हे ऑपरेशन करावं असा नियम आहे. चांगल्या हातात ते त्याहून बरंच कमी असतं. आणि आधी औषधं हवीतच : अ‍ॅस्पिरिन किंवा तशी गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी, बीपीची गोळी न चुकवता, आणि विडी त्या दिवसापासून बंद.

बाराबंदी कुठे जात नाही. सिद्धरामेश्वरांच्या अक्षता सोहळ्याला ते पुढच्या वर्षीही जातील, या वर्षी घरी बसून टीव्हीवर पाहतील. आणि कप पुन्हा सुटला, तोंड वाकडं झालं, शब्द अडखळले, तर दहा मिनिटं वाट बघत बसू नका. १०८ ला फोन करून लगेच निघा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हायला हवा.

प्रश्न : मी ५८ वर्षांची शिक्षिका. अधूनमधून चक्कर येते, अंथरुणातून उठताना खोली फिरते. हेल्थ चेकअपमध्ये मानेच्या दोन्ही नसांत ५० ते ५५ टक्के ब्लॉक निघाला. रिपोर्ट हातात आल्यापासून झोप उडाली आहे. मुलगा म्हणतो, पैशांचं बघू, ऑपरेशन करून मोकळी हो. (जुळे सोलापूर)

उत्तर : मॅडम, तुम्हाला ऑपरेशन नको. नुसती चक्कर, खोली फिरणं, हे या नसेचं लक्षण धरत नाहीत. अंथरुणात कूस बदलताना फिरत असेल तर बहुधा कानातला तोल बिघडलाय, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. नसेमुळे होतं ते एका बाजूचा हात-पाय, बोलणं, चेहरा किंवा एक डोळा जाणं. तुम्हाला यातलं काही झालेलं नाही.

काहीही लक्षण नसताना सापडलेला ब्लॉक आणि वरच्या पत्रातला ब्लॉक, दोन्हींचा रिपोर्ट एकाच छापील कागदावर येतो, पण गोष्ट फार वेगळी आहे. लक्षणं नसलेल्या, ६० टक्क्यांहून जास्त अरुंद नसांवर युरोपातल्या मोठ्या अभ्यासाचे निकाल २००४ साली आले. पाच वर्षांत पक्षाघात आणि ऑपरेशनचे धोके मिळून, ऑपरेशन केलेल्यांत शंभरात साधारण ६ आणि न केलेल्यांत साधारण १२. फायदा होता, पण तो पाच वर्षांत पसरलेला, आणि धोका पहिल्याच दिवशी. त्यानंतर औषधं सुधारली. आज नीट औषधं घेणाऱ्यांत हा धोका वर्षाला शंभरात एकाच्या आसपास, किंवा त्याहूनही कमी मानतात. तुमचा ब्लॉक तर ६० च्याही खाली आहे.

चेकअपच्या पॅकेजमध्ये मानेचा डॉपलर सरसकट घालतात, हे मला पटत नाही. त्यातून तुमच्यासारखी घाबरलेली माणसं जास्त सापडतात आणि गरज असलेली कमी. पण रिपोर्ट आलाच आहे, तर त्याचा उपयोग करून घ्या. कोलेस्टेरॉलची गोळी आणि अ‍ॅस्पिरिन हवी का हे तुमच्या डॉक्टरांना विचारा, बीपी घरी मोजा, वर्षानं डॉपलर पुन्हा करा. आणि एक विचारते, राग मानू नका. मिसरी लावता का? आपल्याकडे बायका तंबाखू खात नाही म्हणतात आणि मिसरी मोजतच नाहीत. मिसरी ही तंबाखूच आहे.

प्रश्न : यजमानांचं वय ७४. तीन आठवड्यांपूर्वी डावा हात पंधरा मिनिटं बधिर झाला होता. उजवी नस ७५ टक्के. एक डॉक्टर ऑपरेशन म्हणतात, दुसरे म्हणतात मांडीतून तार घालून स्टेंट टाकू, टाके नाहीत, दोन दिवसांत घरी. स्टेंटच बरा ना? आणि हे सोलापुरात करावं की पुण्याला न्यावं? (बार्शी)

उत्तर : टाके नसणं हे कारण पुरेसं नाही. २०१० साली अडीच हजार रुग्णांवर या दोन्हींची तुलना छापून आली. सुरुवातीच्या महिन्याभरात पक्षाघात स्टेंटमध्ये शंभरात ४ आणि ऑपरेशनमध्ये २ च्या थोडा वर. हार्ट अटॅकचं उलट, तो ऑपरेशनमध्ये जास्त. सत्तरीच्या पुढे ऑपरेशन जास्त सुरक्षित दिसलं. म्हातारपणी छातीतून मानेकडे जाणाऱ्या नसा वाकड्यातिकड्या आणि चुनखडलेल्या असतात, तार त्यांतून नेताना कण सुटतात. म्हणून ७४ वर्षांच्या माणसासाठी, हृदय बरं असेल तर, मी ऑपरेशनकडे झुकते. मान पूर्वी किरणोपचारानं भाजलेली असेल, आधी त्याच बाजूला ऑपरेशन झालं असेल किंवा हृदय फार कमजोर असेल, तर स्टेंट चांगला. मी सर्जन आहे म्हणून असं म्हणते, असं वाटलं तर मेंदूविकारतज्ज्ञांचं मत जरूर घ्या. त्यांतले बहुतेक स्वतः यातलं काही करत नाहीत.

गावापेक्षा हात महत्त्वाचा. डॉक्टरांना सरळ दोन गोष्टी विचारा : वर्षाला अशी किती करता, आणि त्यांतल्या किती जणांना पक्षाघात झाला? आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवा. 'काही काळजी करू नका' एवढंच उत्तर मिळालं तर दुसरीकडे जा, मग ते पुण्यात असो की इथे. पण तीन आठवडे गेलेच आहेत. पुण्याची तारीख महिन्यानंतरची मिळत असेल आणि इथली या आठवड्यात, तर तेही हिशोबात धरा. खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते ॲडमिट होण्याआधीच, रेशनकार्ड आणि आधार घेऊन, रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. नंतर धावपळ होते.

प्रश्न : भावाच्या अंगावरून वारं गेलं, उजवी बाजू गेली. डावी नस १०० टक्के बंद आहे. ८० टक्क्यांना ऑपरेशन करतात, मग शंभराला का नाही म्हणतात? पैसे नाहीत असं समजले का? पाहुणे पारव्याचं रक्त चोळायला सांगतात. (अक्कलकोट तालुका)

उत्तर : नाही दादा, पैशांचा प्रश्न नाही. कोट्यधीशालाही हेच उत्तर मिळालं असतं. पूर्ण बंद झालेल्या नसेतून रक्त वाहत नाही, म्हणून तिथून कणही सहसा सुटून वर जात नाहीत. ती उघडायला गेलं तर आतली जुनी गुठळी वर ढकलली जाण्याचा धोका, आणि फायदा दिसलेला नाही. या ऑपरेशननं गेलेला हात परत येत नाही, ते पुढचा झटका टाळण्यासाठी असतं. एकदा फक्त सीटी अँजिओग्राफी (औषध टोचून केलेला नसांचा सीटी स्कॅन) करून नस खरंच शंभर टक्के बंद आहे ना, हे पक्कं करून घ्या. डॉपलरवर कधी कधी ९९ ला १०० म्हटलं जातं. उजव्या नसेचाही रिपोर्ट नीट बघा, आता मेंदूचा भार तिच्यावर आहे.

पारव्याचं रक्त लावू नका. त्यानं काही होत नाही, आणि त्या नादात व्यायामाचे महिने वाया जातात. हात-पाय सुधारण्याची सगळ्यात चांगली वेळ पहिल्या तीन ते सहा महिन्यांची असते. फिजिओथेरपी रोज, दिवसातून दोनदा. शिकून घेतली तर घरचं माणूसही करून घेऊ शकतं.

प्रश्न : माझं मानेचं ऑपरेशन होऊन पाच आठवडे झाले. हात एकदम चांगला आहे. पण कानाची पाळी बधिर आहे, ओठाचा एक कोपरा हसताना खाली राहतो. काही चुकलं का? शेंगाचटणी आणि कडक भाकरी खाल्ली तर चालेल का? (भवानी पेठ)

उत्तर : नस जिथे असते तिथूनच जिभेच्या, आवाजाच्या आणि ओठाच्या कोपऱ्याच्या मज्जातंतूंच्या दोऱ्या जातात. ऑपरेशनमध्ये त्या बाजूला धराव्या लागतात, कधी ताणल्या जातात. ओठ बहुतेकांचा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सरळ होतो. तीन महिन्यांनी तसाच असेल तर सर्जनना दाखवा. गिळताना ठसका लागत असेल किंवा आवाज घोगरा असेल, तर मात्र आत्ताच.

भाकरी खुशाल खा. चटणीतल्या शेंगदाण्यांचं वाकडं नाही, मिठाचं आहे. घरी कुटताना मीठ निम्मं करा, तिखट आणि लसूण हवं तेवढं घाला. बीपी चढू देऊ नका. ऑपरेशननंतर पहिल्या महिन्याभरात त्या बाजूचं डोकं जोरात दुखून बीपी वाढलं तर ते धोक्याचं असतं, मेंदूला अचानक जास्त रक्त मिळाल्यानं तसं होतं. तुमचा तो काळ सरला आहे. अ‍ॅस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी कायमची, बरं वाटलं म्हणून सोडायची नाही.

कानाच्या पाळीचा बधिरपणा ओठापेक्षा हळू जातो, वर्षही लागतं, आणि थोडा कायम राहू शकतो. तोवर न्हाव्याला त्या बाजूला वस्तरा लावू देऊ नका, ट्रिमर फिरवायला सांगा. कापलं तर तुम्हाला कळणार नाही, आणि अ‍ॅस्पिरिनमुळे रक्त लवकर थांबणार नाही.